मेन रोडवर दोन्हीकडून गाड्या, मधात एसटी फसते. सम-विषम पार्किंगनं फरक पडतो का?

कृषी केंद्रवाला (यवतमाळ जिल्हा)
तालुक्याच्या गावात मेन रोडवर माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. नालीपासून नालीपर्यंत रस्ता चाळीस फूट. दोन्हीकडे मोटारसायकली आडव्या लागतात, सहा-सहा फूट गेले. त्यांच्यासमोर पिकअप नाहीतर ऑटो, अजून सहा-सहा. उरले सोळा. एसटी साडेआठ फुटांची, म्हणजे दोन समोरासमोर आल्या की संपलं. जूनमधल्या पेरणीच्या गर्दीचं तर विचारूच नका. आता सम तारखेला एका बाजूला, विषमला दुसऱ्या बाजूला पार्किंग करायचं घाटतंय. व्यापारी म्हणतात गिऱ्हाईक तुटेल. कुणाच्या गावात जमलं का हे?

माजी एसटी ड्रायव्हर
भाऊ, उभ्या गाडीपेक्षा घुसणाऱ्या गाडीचा तरास जास्त. एक कारवाला रिव्हर्स मारून जागेत शिरते, तवा मागं बस, तिच्या मागं बंडी, मंग ट्रॅक्टर. त्याचं काम अर्ध्या मिनिटाचं, रांग सुटाले लय वेळ. अन् जागा नाई भेटली का तोच गडी चौकातून फिरून पुन्हा येते. सम-विषम चालते, पन रातच्या गाड्या तारीख बदलल्यावर कोन हलवन? ३१ अन् १, दोन्ही विषमच हायेत, हे बी पाहा.

नागपूरकर पोरगा
प्लॅनिंग शिकतोय. काकांनी सांगितलेल्या या चौकातल्या फेऱ्यांवरच अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी बरंच काम केलं. रस्त्याकडेच्या जागा ८५ टक्क्यांच्या आसपासच भरू द्या, एखाद-दोन मोकळ्या दिसल्या की फेऱ्या थांबतात, असं ते म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोनं २०११ पासून गर्दीच्या पट्ट्यात पार्किंगचा दर चढवला, रिकाम्या पट्ट्यात उतरवला. सरासरी दर उलट थोडा खालीच आला. सम-विषमनं रुंदी मिळेल, पण जागा निम्म्या होतील. आठवडी बाजाराचं मैदान इतर दिवशी मोकळं असेल तर तिकडे वळवा.

कास्तकार
शूपसायबाले एकडाव आमच्या बाजाराले आना. डीएपीचे पन्नास किलोचे चार पोते मी मैदानापावतर डोक्यावर नेऊ का? खरं बोलाचं त सकाऊन दुकानं उघडते तवा पयली रांग कोनाची? दुकानदाराची बुलेट, नोकराची स्प्लेंडर. सांजेपावतर हालत नाई. आमी अर्ध्या घंट्याचे, अन् दुसऱ्या रांगेत उभं राहाची पाळी आमचीच.

कृषी केंद्रवाला
दादा, आज दुपारी मुद्दाम पाहिलं. समोरच्या रांगेत निम्म्याहून जास्त गाड्या आमच्याच लाइनीतल्या. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मांडतो: आपल्या अन् नोकरांच्या गाड्या मैदानात, पोतेवाल्या पिकअपला दुकानासमोर वीस मिनिटं. सम-विषम मग पाहू.

मोबाइल दुकानवाला
मांडा, पण मैदानात चौकीदार कोण ठेवणार तेही ठरवा. माझी गाडी दुकानातून दिसली नाही तर माझं गिऱ्हाइकाकडे लक्ष लागत नाही. महिन्याला दुकानामागे शंभर रुपये काढायचे असतील तर माझे धरा.