सजावट व्यवसाय: आधी नोंदणी की विमा?

प्रश्न: समारंभांच्या सजावटीचा व्यवसाय मी एकटीने सुरू करत आहे. आधी नोंदणी करावी की विमा घ्यावा, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: नोंदणी आधी करावी, म्हणजे करार आणि विमापत्र एकाच नावाने निघतील. एकल मालकीत व्यवसायाचे देणे थेट तुमच्या वैयक्तिक मालमत्तेवर येते. मर्यादित दायित्वाच्या कंपनीत सहसा तसे होत नाही, परंतु स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी तेथेही टळत नाही.

दुसरे उत्तर: फुग्यांची कमान कोसळून पाहुण्याला इजा झाली किंवा सभागृहाच्या भिंतीचे नुकसान झाले, तर त्रयस्थ दायित्व विमा कामी येतो, तुमचे साहित्य आणि मदतनीसांची इजा मात्र त्यात सहसा धरली जात नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. सभागृहाने विम्याचे प्रमाणपत्रही मागितले आहे.

उत्तर: ते विमा कंपनीकडून मिळते, विमापत्रातील अपवाद मात्र आधी नीट वाचावेत.