पुरात बुडालेल्या उसाचा पंचनामा एकदाच का?

शिरोळचा ऊसकरी (मूळ मुद्दा):
पूर ओसरला की पंचनामे तातडीने उरकण्याचे आदेश निघतात. सोयाबीन-भुईमुगासाठी ते योग्यच आहे, कारण ती पिके पाण्याबाहेर येतात तीच कुजून. उसाचे तसे नाही. २०१९ साली कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली, त्या पुरात आमचा ऊस शेंड्यापर्यंत बुडाला होता. पाणी उतरले तेव्हा पाने चिखलाने माखलेली असली तरी कांडी हिरवीगार होती आणि पाहणीला आलेल्यांनी बांधावरूनच नुकसान ३३ टक्क्यांहून कमी लिहिले, म्हणजे आम्ही मदतीस अपात्र. पंधरवड्यानंतर शेंडा ओढला की हातात येऊ लागला, पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या गुंडाळलेल्या पानांत) गाळ बसून वास सुटला, कांडीवरचे डोळे फुटले आणि पुढे ऊस चिरून पाहिला तर आत दशी पडलेली, म्हणजे कांडी रसाविना पोकळ-भुसभुशीत झालेली. माझे म्हणणे एवढेच आहे की, उसाचा दुसरा पंचनामा तीन आठवड्यांनी व्हावा.

निवृत्त महसूल कर्मचारी:
मागणी रास्त वाटते, पण ती राबवणाऱ्याच्या बाजूनेही पाहावी. एका तलाठ्याकडे अनेक गावे असतात. दुसरी फेरी सुरू झाली की याद्या पुन्हा उघडतील आणि ज्यांचे सोयाबीन खरोखर कुजले, त्यांचे पैसेही अडकतील. शिवाय तीन आठवड्यांनी वाळलेला ऊस पुराने वाळला की मुळे खाणाऱ्या हुमणी किडीने, हे कोण ठरवणार? आणि ही नुकसानभरपाई नव्हे, पुढच्या पेरणीला दिलेला हात आहे. म्हणूनच आपत्ती निधीच्या निकषांत बागायतीला हेक्टरी १७,००० रुपये आणि मूळ मर्यादा २ हेक्टरांची आहे. दरवर्षी बुडणाऱ्या नदीकाठच्या मळीच्या रानात पुन्हा ऊसच लावायचा आणि भार तिजोरीवर टाकायचा, हेही मला पटत नाही.

शिरोळचा ऊसकरी:
हेक्टरी १७,००० म्हणजे गुंठ्याला जेमतेम १७० रुपये. चांगल्या रानात गुंठ्याला टनभर ऊस निघतो आणि टनाला तीन हजारांहून अधिक दर मिळतो, तेव्हा तिजोरीवरचा भार किती, हे आपणच ताडा. मळीत ऊस लावतो, कारण चार दिवस पाण्यात उभे राहण्याची ताकद इथल्या दुसऱ्या कोणत्या पिकात आहे? पंतप्रधान पीक विमा योजनेत आपल्या राज्यात ऊस नाही, म्हणजे तोही आधार नाही. हुमणीचा मुद्दा मात्र मान्य आहे. मग पहिल्या फेरीतच बुडीत क्षेत्रातल्या उसाची वेगळी यादी करून ठेवावी आणि दुसरी पाहणी तेवढ्याच गटांची व्हावी. बाकीच्यांचे पैसे थांबवण्याचे कारण नाही.

निवृत्त महसूल कर्मचारी:
वेगळी यादी हा मार्ग निघू शकतो. तरीही पाहणीच्या वेळी पोंगा उकलून पाहण्याची सक्ती केली, तर दुसऱ्या फेरीची गरजच पडणार नाही, असे माझे मत कायम आहे.

करवीरचा खंडकरी:
आपण दोघेही सातबाऱ्यावर नाव असलेल्यांविषयी बोलत आहात. मी दीड एकर खंडाने करतो. बियाणे, खत, भांगलण माझी, पण पीक पाहणी मालकाच्या नावावर आणि मदतही त्याच्याच खात्यात. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने मालक कागद करून देत नाही. गेल्या पुरानंतर त्याने निम्मे पैसे मला आणून दिले, तो त्याचा चांगुलपणा होता. पंचनामा एकदा होवो की दोनदा, माझे नाव त्यात कोणत्या रकान्यात येणार, ते आधी सांगा.