मदत हवी आहे: प्रिन्सेस कटच्या पेपर कटिंगवरून 1880 ची बॉडिस कशी काढू?

नमस्कार मंडळी, शिवणातल्या जाणकारांनी जरा इकडे बघा प्लीज. आमच्या हौशी ग्रुपचं नाटक आहे, गोष्ट 1880 च्या आसपासची, लंडनमधली, आणि मुख्य बाईची बॉडिस, म्हणजे स्कर्टवर घालायचा अंगाचा भाग, शिवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ती लांब, अंगाला घट्ट बसणारी, कमरेवर न थांबता नितंबापर्यंत उतरणारी, क्युरास म्हणतात ती. स्कर्ट झालाय, त्याचं टेन्शन नाही, तो झाकून जातो सगळं.

माझ्याकडे तिच्याच मापाचं प्रिन्सेस कट (टक्सऐवजी छातीवरून खाली उभी शिलाई येते तो) जॅकेटचं पेपर कटिंग आहे, त्याचं जॅकेट तिला मस्त बसतं. त्यातला लूज काढला, खाली लांबी वाढवली आणि मांजरपाटावर ट्रायल घेतली. छाती 36 इंच, कंबर 29, कॉर्सेट (कंबर आवळणारा आतला कपडा) घातल्यावर कंबर 27 होते. कॉर्सेट तयार आहे पण ट्रायलला बाईसाहेबांनी कंटाळा केला, त्यामुळे ट्रायल साध्या कपड्यांवरच झाली.

आता प्रॉब्लेम असा की समोरून ठीकठाक आहे पण पाठ बघितली की ऑफिसला निघालेली बाई वाटते, 1880 कुठेच दिसत नाही. पाठीत कमरेच्या वर आडव्या चुण्या पडतात. हात वर केला की अख्खी बॉडिस हाताबरोबर वर चढते आणि हात खाली आला तरी ती तिथेच. मुंड्यात (बाही जोडतात त्या गोलात) आवळतंय म्हणाली म्हणून मुंडा अर्धा इंच उतरवून बघितला तर हात आणखीच कमी उचलला जातोय, हे काय गौडबंगाल आहे? शिवाय जुन्या फोटोंत समोर छातीखाली दोन-दोन उभे टक्स (शिवून घेतलेल्या टोकदार चिमट्या) दिसतात आणि माझी लाइन येते मुंड्यातून, ती तिथून हलवायची कशी? आणि अजून एक, एवढं सगळं हाताने शिवायला पाहिजे का, कारण ग्रुपमधले एक अभ्यासू गृहस्थ मशीनची शिलाई दिसता कामा नये म्हणून मागे लागलेत.

प्रतिसाद:
ताई, पहिलं काम म्हणजे मुंडा परत वर घ्या. जेवढा होता त्याच्याही वर, पार काखेला लागेल इतका. ऐकायला उलटं वाटतं पण मुंडा खोल असला की बाही आणि अंगाचा जोड काखेपासून लांब, खाली जातो, मग हात उचलला की बाही त्या जोडाला धरून सगळं अंगच वर ओढते. मुंडा लहान आणि उंच असला की हात काखेतून हलतो आणि अंग जागेवर राहतं. आवळतंय ते बहुतेक पुढच्या वळणात असेल, तिथे दाबाला (शिलाईबाहेरच्या जादा कापडाला) कातरीने छोटे कट द्या आणि मग बघा, मुंडा खाली उतरवू नका.

आता पाठ. त्या काळच्या पाठीची ओळख शिलायांच्या जागेवरून होते. मधला भाग कमरेपाशी फार अरुंद असतो, मधल्या शिलाईपासून एका बाजूला इंच-दीड इंच फक्त. त्याच्या शेजारच्या भागाची शिलाई मुंड्याच्या मागच्या बाजूला साधारण मध्यावर सुरू होते आणि गोल वळण घेत कमरेला मधल्या शिलाईजवळ येते. त्यापुढे काखेखाली आणखी एक वेगळा भाग, म्हणजे आपल्यासारखी काखेतून सरळ खाली येणारी एकच शिलाई नाही. तुमच्या कागदावर पाठीचा जो टक किंवा लाइन आहे ती चिकटपट्टीने बंद करा, नवीन गोल लाइन आखा आणि कमरेला जेवढं कमी करायचंय ते सगळं या नव्या शिलायांत वाटून टाका.

खांद्याची शिलाईसुद्धा खांद्यावर नसते, मागे पाठीवर असते. पाठीच्या कागदावरून तिरकी पट्टी कापा, गळ्याकडे अर्धा इंच आणि मुंड्याकडे दोनेक इंच रुंद, आणि ती समोरच्या खांद्याला चिकटवा. फक्त खांद्याची जुनी खूण पेन्सिलने ठेवा हं, बाहीचा मध्य त्या जुन्या खुणेलाच लावायचाय, नव्या शिलाईला लावलात तर बाही मागे फिरेल.

प्रतिसाद:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. टक्सचं मी सांगते. समोरचे दोन्ही तुकडे छातीच्या टोकापासून वर मुंड्यापर्यंत एकमेकांना चिकटवा, वरचं बंद झालं की खालची फट आपोआप मोठी होते, ती दोन टक्समध्ये वाटा. टोकं छातीच्या बरीच खाली थांबवा कारण कॉर्सेटने छाती वर जाते. समोरची बटणपट्टीची कडही सरळ रेषेत नको, छातीवर बाहेर आणि कमरेला आत अशी हलकी वळवा, थोडं काम तीच करते.

पण हे सगळं कॉर्सेटवर. कॉर्सेटशिवाय घेतलेली ट्रायल मी तरी धरणार नाही. कंबर दोन इंच कमी झाली, छाती वर गेली, पाठ ताठ झाली, म्हणजे ते वेगळंच शरीर झालं की. तुमच्या पाठीतल्या अर्ध्या चुण्या तिथेच जातील. उरल्या तर कमरेच्या वर पाठीची उंची जास्त आहे, कागदाला तिथे आडवी घडी घालून पाव इंच कमी करून बघा.

हाताने शिवायची अजिबात गरज नाही. सिंगरने 1851 मध्ये पेटंट घेतलं, 1880 पर्यंत शिवणयंत्रं घरोघरच्या शिंपिणींकडे आलेली होती, लांब शिलाया बिनधास्त मशीनवर मारा. त्या गृहस्थांना म्हणावं, आतले दाब हाताने काठटाक्यांनी बांधायला या.

धागाकर्ती:
दोघींचे खूप आभार, मुंड्याचं गणित आत्ता डोक्यात शिरलं. अजून दोन शंका. अस्तर वेगळं शिवून आत सोडू का? आणि तिला दोन प्रवेशांच्या मध्ये झटपट कपडे बदलायचेत, पाठीत झिप लावली तर चालेल का?

प्रतिसाद:
अस्तर सुटं सोडू नका. प्रत्येक तुकडा वरच्या कापडात आणि जाड सुती अस्तरात कापायचा, दोन्ही एकावर एक ठेवून कडेने कच्चा धावदोरा घालायचा आणि मग ते एकच कापड समजून शिवायचं. त्याने वरचं कापड ताणत नाही आणि शिलाया आत उघड्या राहतात. ते फायद्याचं, कारण बोनिंगच्या (कापड ताठ ठेवणाऱ्या) पट्ट्या त्या दाबांवरच बसवायच्यात. टक्सवर, काखेखालच्या शिलायांवर आणि मधल्या पाठीवर बोनिंग हवंच, नाहीतर कमरेखालचा भाग बसल्याबरोबर वर गोळा होतो. बोनिंग नाही मिळालं तर जाड केबल टाय कापून, टोकं घासून वापरा, नाटकाला मस्त चालतात. कमरेच्या रेषेवर सगळ्या दाबांना कट द्यायला विसरू नका.

आणि आतून कमरेला एक न ताणणारी पट्टी लावा, फक्त पाठीकडच्या शिलायांना टाचलेली, पुढे मोकळी आणि हुकने बंद होणारी. बॉडिसच्या कमरेपेक्षा अर्धा इंच कमी. आधी ती लावायची, मग बटणं. सगळा ताण ती पट्टी घेते, बटणांमध्ये फटी पडत नाहीत आणि हात वर केला तरी बॉडिस जागची हलत नाही.

झिप मात्र नको प्लीज, मागची ती सुंदर अरुंद पाठ फुकट जाईल. बटणं वर नुसती शोभेला शिवा आणि बटणपट्टीखाली मोठे हुक लावा, सवय झाली की अंधारातसुद्धा लागतात. बाही दोन तुकड्यांची, कोपराला वळण असलेली घ्या, कोटाच्या बाहीचं कटिंग असेल तर त्यावरूनच काढा.

धागाकर्ती:
कोटाचं कटिंग आहे! मग आज कागदावर पाठ नवीन आखते आणि रविवारी तिला कॉर्सेट घालूनच उभी करते. मुंडा वर घेताना मांजरपाटालाच काखेत जोड लावला तर ट्रायलपुरतं चालेल ना, की तो तुकडा नवीनच कापू?

प्रतिसाद:
जोड लावलात तरी चालेल, पण उभा धागा सरळ येऊ द्या. पाठीचे तुकडे मात्र नवीनच कापा, त्यात जोडाजोड नको.