बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे, पण मशीन सुरू होताना काहीच विचारत नाही. कुलूप नक्की लागलंय का?

खातेवही:
ऑफिसात ६ लॅपटॉप आहेत, सगळे विंडोज ११ प्रो. आत अशिलांचे पॅन, बँक स्टेटमेंट वगैरे. लॉगिनला पासवर्ड आहे, बिटलॉकरही 'ऑन' दिसतं, पण बटण दाबलं की मशीन थेट लॉगिनच्या पडद्यावर येतं. एका मशिनने मात्र बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागितली. लॅपटॉप चोरीला गेला तर यातलं नेमकं काय उपयोगी पडणार? आणि ही की सारखी मागणार असेल तर बिटलॉकर बंदच करून टाकू का?

कडीकोयंडा:
बंद अजिबात करू नका. लॉगिन पासवर्ड विंडोजच्या दारावरचा, डिस्कवरचा नाही. एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची डिस्क, बहुधा एकाच स्क्रूवर बसलेली असते. ती काढून यूएसबी केसमध्ये घातली आणि दुसऱ्या मशीनला जोडली, की एन्क्रिप्शन (मजकूर सांकेतिक रूपात बदलणं) नसलेल्या डिस्कवरच्या फायली सरळ वाचता येतात.

बिटलॉकरची डिस्क उघडणारी की टीपीएमच्या, म्हणजे बोर्डावरच्या किंवा प्रोसेसरमधल्या सुरक्षा चिपच्या, ताब्यात असते. मशीन सुरू होताना बायोस, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी तपासणी), बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम) यांची मोजमापं टीपीएमकडे जातात. ती ठरल्याप्रमाणे जुळली तरच टीपीएम की सोडतं, म्हणून तुम्हाला काही विचारलं जात नाही. बायोस बदललं, मोजमाप चुकलं, टीपीएम अडून बसलं. यात बिघाड काही नाही, त्याचं कामच ते. पुढच्या वेळी अपडेटआधी कंट्रोल पॅनेलमधून 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा. डिस्क एन्क्रिप्टेडच राहते, फक्त की तात्पुरती उघडी ठेवली जाते, आणि एका रीस्टार्टनंतर संरक्षण आपोआप परत लागतं.

सहा_आकडी:
'ऑन' या शब्दावर विसंबू नका. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून मॅनेज-बीडीई ही कमांड स्टेटस पर्यायासह चालवा. दोन ओळी वेगवेगळ्या वाचा: किती टक्के एन्क्रिप्ट झालंय आणि 'प्रोटेक्शन स्टेटस'. पहिली १०० टक्के आणि दुसरी 'ऑफ' असेल, तर कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवल्यासारखं आहे.

नुसतं टीपीएम असेल तर मशीन चोराच्या हातातही लॉगिनपर्यंत येतं. टीपीएमची चिप वेगळी असेल तर की बोर्डावरच्या तारांतून उघडी जाते. २०२४ मध्ये एका जुन्या लॅपटॉपवर रास्पबेरी पाय पिकोच्या मदतीने ती ४३ सेकंदांत टिपून दाखवली गेली. म्हणून विंडोज सुरू होण्याआधीच मागितला जाणारा पिन हवाच.

ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये बिटलॉकरखाली 'ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्ह्ज' उघडा, सुरू होताना जादा ऑथेंटिकेशन मागण्याची पॉलिसी चालू करा, मग पिन जोडा. नेहमीच्या सेटिंगला ६ ते २० आकडे चालतात. हा विंडोज हॅलोचा पिन नव्हे, तो लॉगिनचा. नंतर त्याच स्टेटस कमांडने प्रोटेक्टरची, म्हणजे डिस्क उघडण्याच्या मार्गांची, यादी बघा. 'टीपीएम अँड पिन'च्या शेजारी नुसतं 'टीपीएम' उरलं असेल तर पिनला काही अर्थ नाही. अंदाजाने पिन मारत बसणाऱ्याला टीपीएम ३२ चुकांनंतर अडवतं, आणि मग १० मिनिटांना एक चूक माफ करतं.

झाकण:
पिन लावून लॅपटॉप स्लीपमध्ये बॅगेत टाकलात तर सगळं वाया. स्लीपमध्ये की रॅममध्येच असते. रॅम गार करून वीज गेल्यावरही त्यातून की काढता येते, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवलंय. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर 'हायबरनेट' (रॅममधलं डिस्कवर लिहून मशीन बंद करणं) निवडा, म्हणजे उठताना पिन विचारला जाईल. आणि चालू मशीनमध्ये व्हायरस शिरला तर बिटलॉकर काही करत नाही. त्याच्या लेखी तुम्ही आणि व्हायरस सारखेच, दोघांनाही फायली उघड्याच दिसतात.

कडीकोयंडा:
रिकव्हरी कीबद्दल, म्हणजे त्या ४८ आकडी कीबद्दल, राहिलं. ६ आकड्यांचे ८ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. १२३४५३ चालेल, १२३४६३ नाही. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी चूक त्याच गटात पकडली जाते. निळ्या पडद्यावर की आयडीही दिसतो, त्याची पहिली ८ अक्षरं जुळवूनच की शोधा. ६ मशीन असली की हमखास चुकीचा कागद हातात येतो. कागद ऑफिसच्या कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

खातेवही:
तपासलं. ५ मशीन ठीक. एकावर सी ड्राइव्ह ऑन, डी ऑफ. आणि सगळा डेटा डीवरच!

सहा_आकडी:
डीलाही बिटलॉकर लावा. 'फक्त वापरलेली जागा' हा पर्याय घेऊ नका, पुसलेल्या जुन्या फायली रिकाम्या जागेत तशाच राहतात. पूर्ण ड्राइव्ह निवडा. मग 'ऑटो-अनलॉक' चालू करा. डीची की सीवर एन्क्रिप्टेड राहते, वेगळा पासवर्ड लागत नाही. डीची ४८ आकडी की वेगळी असते, तीही छापून घ्या.