१ मेची सुट्टी रशियातून नाही आली
१ मेची, म्हणजे कामगार दिनाची सुट्टी रशियातून आली असं कुणीतरी म्हटलंय. नाही हो, मूळ अमेरिकेतलं. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी तिथे संप झाला, ४ तारखेला शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला. १८८९ मध्ये पॅरिसच्या समाजवादी परिषदेने कामगारांच्या दिवसासाठी १ मे हीच तारीख उचलली. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, १८९४ च्या कायद्याने!

आमचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. मे महिन्यात देवगडला यायचे ते आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरायला. १९६० पासून १ मे हा महाराष्ट्र दिनही झाला, पण शाळेत झेंडावंदनाला निघतानासुद्धा ते म्हणायचे, "आज आमची कामगारांची सुट्टी."