मदत हवी आहे: पायथनच्या असाइनमेंटमधील उत्तरांचे नमुने चित्रातून कसे दाखवावेत?

नमस्कार. मी सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला पायथन शिकवतो. एकाच प्रश्नाची दीडशेच्या आसपास उत्तरे येतात. ती बरोबर आहेत की नाहीत हे टेस्ट केस (ठरावीक इनपुट देऊन अपेक्षित उत्तर येते का ते पाहणाऱ्या चाचण्या) सांगतात. वर्गाने किती वाटांनी विचार केला, हे मात्र कळत नाही आणि मला नेमके तेच पाहायचे आहे.

उदाहरणार्थ, यादीतील दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधायची आहे. कोणी यादी क्रमाने लावून शेवटून दुसरी संख्या उचलतो, कोणी कमाल संख्या काढून टाकून पुन्हा कमाल शोधतो, तर कोणी एकाच लूपमध्ये दोन व्हेरिएबल सांभाळतो. शिवाय आमच्या वर्गात मराठी, कन्नड आणि तेलुगू घरांतील मुले असल्यामुळे त्याच व्हेरिएबलला कोणी ‘मोठा’, कोणी ‘दोड्ड’, तर कोणी ‘पेद्द’ म्हणतो (लिपी अर्थातच रोमन), त्यामुळे निव्वळ मजकुराची तुलना निरुपयोगी ठरते.

म्हणून पायथनच्या एएसटी मॉड्यूलने प्रत्येक उत्तराची सिंटॅक्स ट्री (कोडची रचना दाखवणारी झाडासारखी आकृती) काढून सर्व नावे एकसारखी केली. तरीही इंडेक्सने फिरणारा लूप आणि थेट घटकांवर फिरणारा लूप वेगळेच पडले. मग ट्रींमधील एडिट डिस्टन्स (एका ट्रीची दुसरी करायला किती बदल लागतात ते) मोजून टी-एसएनईने, म्हणजे सारखी उत्तरे जवळजवळ मांडणाऱ्या पद्धतीने, प्रत्येक उत्तराचा एक असे ठिपके काढले. चित्र देखणे आले, परंतु पर्प्लेक्सिटी (प्रत्येक ठिपक्याचे साधारण किती शेजारी धरायचे ते ठरवणारी सेटिंग) बदलली की पुंजके बदलतात आणि दोन पुंजक्यांमधील अंतराचा भरवशाचा अर्थ लावता येत नाही. शिकवण्यासाठी मला ते कुचकामी वाटते.

एमआयटीच्या ओव्हरकोड प्रणालीत व्हेरिएबलची ओळख नावावरून नव्हे, तर प्रोग्राम चालताना त्यात क्रमाने येणाऱ्या किमतींवरून पटवली जाते, ही कल्पना मला अधिक पटते. मात्र ओव्हरकोडचा भर टेस्ट पास झालेल्या उत्तरांवर आहे, आणि मला रस आहे तो चुकलेल्यांत: सुरुवातीची किंमत शून्य धरल्यामुळे सर्व ऋण संख्यांच्या यादीवर फसणारी, किंवा कमाल संख्या दोनदा आली की तीच परत देणारी उत्तरे.

जाणकारांना विचारायचे ते असे. अशी उत्तरे आधी कोणत्या टेस्टवर नापास झाली त्यानुसार विभागून मग व्हेरिएबलमध्ये क्रमाने येणाऱ्या किमतींचा माग घ्यावा, की उलट क्रमाने जावे? अनंत लूपमध्ये अडकलेल्या प्रोग्रामचा माग कुठे तोडावा? आणि ठिपक्यांऐवजी प्रत्येक गटाचे एक प्रातिनिधिक उत्तर, त्यातील उत्तरांची संख्या आणि वेगळ्या ओळी ठळक, असे दृश्य ज्युपिटरमध्ये (ब्राउझरमध्ये कोड आणि त्याचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या नोटबुकमध्ये) कोणी उभे केले आहे का? मुलांची उत्तरे बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायची नसल्यामुळे सर्व काम प्रयोगशाळेतील संगणकावरच व्हायला हवे.