फोन ‘चालू’ झाला म्हणजे नेमकं काय झालं?

महापे (मूळ प्रश्न)

आमच्या ऑफिसमधले सगळे फोन आता नेटवर्कवरचे आहेत. पावसाळ्यात वीज जाते, यूपीएसही उतरतो, आणि वीज आल्यावर रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आयटीला कळवतात, “फोन चालू आहे, पण लागत नाही.” पलीकडून विचारणा होते, “रजिस्टर झालाय का?” इथून पुढे दोघांचं बोलणं जुळत नाही. जुन्या फोनला ‘चालू’ आणि ‘बंद’ हे दोन शब्द पुरत. वीज आणि डायल टोन दोन्ही एक्स्चेंजमधून एकाच तारेने येत असल्यामुळे मधली अवस्था अशी नव्हतीच. या फोनला मात्र मधल्या बऱ्याच अवस्था आहेत. मला रक्षकांसाठी आणि रिसेप्शनसाठी मराठीत सूचनापत्र लिहायचं आहे. त्या अवस्थांना काय म्हणावं? प्रत्यक्ष बोलताना तुम्ही काय म्हणता, तेही सांगा.

ऐरोली

ताई, रॅकसमोर उभे राहून आम्ही जे बोलतो ते लिहितो.

आधी ‘पॉवर आली’. बहुतेक ऑफिसांत ही वीज लॅनच्या केबलमधूनच येते, तिला आम्ही पीओई म्हणतो. स्विच (नेटवर्कच्या सगळ्या केबली जोडलेली पेटी) ही वीज सरसकट कुणालाही देत नाही. अगदी कमी विद्युतदाब लावून पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रोध आहे का ते बघतो, आणि असला तरच ४८ व्होल्टच्या आसपास वीज सोडतो. म्हणून त्याच पॉइंटला लॅपटॉप लावला तरी त्याला काही होत नाही. २००३ सालच्या मानकात एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत वीज धरली आहे, साध्या फोनला ती भरपूर होते.

मग ‘फोन उठतोय’. म्हणजे तो स्वतःच्या मेमरीतलं सॉफ्टवेअर वाचतोय, दिवे लुकलुकतात, पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं. त्यानंतर ‘व्हीलॅन घेतला’. व्हीलॅन म्हणजे त्याच नेटवर्कमधला वेगळा काढलेला मार्ग. एलएलडीपीवरून (जोडलेली उपकरणं एकमेकांना ओळख देतात ती पद्धत) स्विच त्याला सांगतो, की आवाजाची वाहतूक या क्रमांकाच्या व्हीलॅनवर ने. मग ‘आयपी घेतला’, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मग ‘फाइल उचलली’, म्हणजे सेटिंगची, आणि शेवटी ‘रजिस्टर झाला’. यातलं शेवटचं होईपर्यंत फोन कितीही उजळला तरी लागत नाही. तुमचे रक्षक आणि आयटी, दोघेही खरंच बोलताहेत.

नौपाडा, ठाणे

‘फोन उठतोय’ हे मला फार आवडलं. ‘बूट होतोय’ असं लिहिलं तर रक्षकाच्या डोळ्यांपुढे पायातला बूट येईल, आणि मूळ इंग्रजी शब्दही बुटाच्या मागच्या पट्टीवरूनच आलेला आहे. ‘उठतोय’मध्ये अजून तयार नाही, पण होणार आहे, हे आपोआप येतं.

‘आयपी मिळाला’ न म्हणता ‘घेतला’ म्हणता, तेही नेमकं आहे. डीएचसीपीत, म्हणजे पत्ते वाटण्याच्या पद्धतीत, फोन आधी सगळ्या नेटवर्कला उद्देशून विचारतो, सर्व्हर पत्ता देऊ करतो, फोन तोच पत्ता रीतसर मागतो आणि सर्व्हर मान्यता देतो. देऊ केलेलं मागून घेण्याची ही क्रिया आहे, तेव्हा कर्ता फोनच हवा. हा पत्ता कायमचा नसतो. त्यासाठी ‘भाडेपट्टा’ हे भाषांतर मी वाचलं आहे आणि ते मला चुकीचं वाटतं, कारण इथे भाडं कुठेच नाही. ‘मुदत’ म्हणा. साधारण अर्धी मुदत सरली की फोन मुदतवाढ मागतो. ‘मुदतवाढ’ कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

खरी अडचण ‘रजिस्टर’ची आहे. ‘नोंदणी’ मला पटत नाही. घराची किंवा लग्नाची नोंदणी एकदा झाली की झाली. इथे फोन सिप सर्व्हरला, म्हणजे कॉल जोडून देणाऱ्या सर्व्हरला, सांगतो, “एक्स्टेंशन २१४चे कॉल माझ्याकडे पाठव.” सर्व्हर सहसा आधी ४०१ हा नकार देतो आणि ओळख पटवायला सांगतो. फोन पासवर्ड उघडा न पाठवता त्यावरून काढलेलं उत्तर पाठवतो, मग २००, म्हणजे होकार, येतो. हेही मुदतीपुरतंच, पुष्कळदा ३६०० सेकंदांचं, आणि मुदत संपायच्या आत परत सांगावं लागतं. वारंवार द्यावी लागते ती हजेरी. ‘हजेरी लागली’ म्हणा.

ऐरोली

काका, हजेरीत ‘मी आहे’ एवढंच येतं. फोन ‘मी अमुक पत्त्यावर आहे’ असंही सांगतो, आणि कॉल येण्यासाठी तेच महत्त्वाचं. शिवाय पडद्यावर ‘रजिस्टर्ड’ लिहून येतं, रक्षक तेच वाचणार.

नौपाडा, ठाणे

बरोबर आहे. अर्थ सांगताना ‘सर्व्हरला ठावठिकाणा कळवणे’ म्हणू, त्यात माणूस असणं आणि कुठे असणं दोन्ही येतं. सूचनेत मात्र ‘हजेरी’ ठेवावी, ती तोंडात बसते. पडद्यावरचा शब्द शेजारी अवतरणात द्यावा.

वाशी

‘फाइल उचलली’चं काय करणार? सरकारी पद्धतीने ‘संरूपण संचिका’ लिहाल तर कुणी वाचणार नाही. डीएचसीपी पत्त्यासोबतच फाइल कुठून आणायची तेही सांगतो (त्यातला पर्याय क्रमांक ६६ किंवा १५०), आणि बऱ्याच फोनांत फाइलचं नाव त्या फोनच्या मॅक क्रमांकावरूनच (कारखान्यातून मिळालेला उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) ठरलेलं असतं. एक्स्टेंशन, नाव, बटणं सगळं तिच्यातून येतं. त्यामुळे असा फोन दुसऱ्या टेबलावर नेला तरी एक्स्टेंशन त्याच्याबरोबर जातं, हे रिसेप्शनला आवर्जून लिहा. मी ‘सेटिंगची फाइल’ लिहीन.

महापे

सगळ्यांचे आभार. व्हीलॅन रक्षकांच्या कागदातून काढून टाकते, ते आयटीकडेच राहू दे. मजकूर असा करते आहे:

“वीज आल्यावर फोन आपोआप उठतो. दिवेच लागले नाहीत तर ‘पॉवर नाही’ असं कळवा. दिवे लागले पण पत्ता घेतला नाही तर ‘आयपी घेत नाही’ म्हणा. पत्ता घेतला, सेटिंगची फाइल आली, पण पडद्यावर ‘रजिस्टर्ड’ दिसत नाही, तर ‘हजेरी लागली नाही’ म्हणा. पडद्यावर ‘अपग्रेड’ किंवा ‘अपडेट’ असेल तर फोन नवं सॉफ्टवेअर उतरवून घेत आहे. त्या वेळी लॅनची केबल काढू नका, वीजही तिच्यातूनच येते.”